मुकी मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरची मारबत मुक्यानं जाईल, असा हुकूम सासूनं, रुख्माबाईंनी, पोळ्याच्या पंगतीतच काढला, आणि तेव्हापासून थोरल्या सुनेच्या, अन्नपूर्णेच्या पोटात पुरण काही जिरलं नव्हतं.

मारबत आणि मुकी! सिंदीत असं कोणी ऐकलं नव्हतं. पोळ्याला दारात पळसाची डहाळी खोचायची, तिला मेढा म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो मेढा मारबत म्हणून उपटून गावाबाहेर टाकायला न्यायचा आणि नेताना घसा फुटेस्तोवर ओरडायचं. ताप, खोकला, माश्या, ढेकूण, घरात जे जे नको असेल ते घेऊन जाय गे मारबत! ओरडण्यातच तर सगळा जीव. मुकाट्यानं न्यायची तर ती मारबत कसली, तो केरच झाला.

"सुरभीचा क्लास राह्यते ना साडेसहाले," रुख्माबाई पोळीवर तूप सोडताना म्हणाल्या होत्या. "तिकडं अमेरिकेतल्या पोट्टीले ऐकू गेलं त काय म्हणन ते?"

"काय म्हणन? पोळा झाला म्हणन," अन्नपूर्णा बोलली. पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे धाकट्या सुनेच्या ताटात आणखी एक पोळी सरकवण्यात गुंतले होते, कारण तिला पहाटे उठायचं होतं.

जसं काही बाकीचं घर दुपारी उठत होतं.

होळीच्या सुमाराला फोनवाल्यांनी घरापर्यंत नवी तार आणली. धाकट्या दिरानं, रजतनं, नागपूरहून कम्प्युटर आणला आणि त्याची बायको सुरभी, वर्ध्याची, एम.एस्सी. गणित, बंगलोरच्या एका कंपनीसाठी अमेरिकेतल्या मुलांना गणित शिकवू लागली. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. सरकीची पोती ठेवायची मागची खोली तिच्यासाठी चुन्यानं पोतून निघाली. साडेसहा ते साडेआठ घरात मिक्सर बंद, कुकरची शिटी बंद, रेडिओ बंद. सासरे रूपराव यांनी बाजारभाव ऐकताना आयुष्यात कोणासाठी रेडिओ लहान केला नव्हता. ते आता घसा खाकरायलासुद्धा कोठ्यात, बैलांजवळ जात.

अन्नपूर्णा हे सगळं पाहत होती, आणि जळत होती. जळत होती हाच शब्द खरा, उगाच दुसरा शोधायला नको. लग्नानंतर डी.एड. झाली तेव्हापासून ती पळसगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. स्वयंपाक उरकून, उभ्यानं चहा पिऊन एस.टी. पकडायची. पोरांच्या वह्या कणकेच्या हातानं तपासायची. डी.एड.च्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात मिरच्या कुटणं चालू होतं, आणि सासूबाईंनी तिलाच मुसळ धरायला बोलावलं होतं. तिच्यासाठी या घरात कोणी एक शिटी कमी केली नव्हती. ती 'शाळेची बाई' होती. सुरभी मात्र 'प्रोफेशनल' होती. तसं तिच्या कार्डावर छापूनच आलं होतं, आणि रजत ते कार्ड किराणा दुकानदारालाही दाखवत असे.

तर उजाडलं. अन्नपूर्णेनं मेढा उपटला. सासूचा हुकूम म्हणून ओठ शिवून अंगण ओलांडलं, घराला वळसा घातला आणि मागच्या खोलीच्या खिडकीशी आली. आत सुरभी बसली होती. इस्त्रीची आकाशी साडी, कपाळावर टिकली, ओठांना लाली. कम्प्युटरला कॅमेरा नव्हता. पलीकडच्या मुलांना फक्त आवाज जायचा आणि पडद्यावरच्या पांढऱ्या पाटीवरचं लिहिलेलं दिसायचं. तरीही ही बाई रोज लग्नाला निघाल्यासारखी नटून बसायची. आणि इंग्रजी असं सुरू होतं, की मध्ये टाचणी टोचायला जागा नाही.

"कोण पाहून राह्यलं व इले?" अन्नपूर्णा स्वतःशीच बोलली. आणि मग तिचं तोंड उघडलं ते उघडलंच.

"खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत! माश्या-मच्छर घेऊन जाय गे मारबत!" शेजारच्या अंगणातल्या पोरांनी लगेच री ओढली. तसा तिला आणखी जोर चढला. "फुकटचा तोरा घेऊन जाय गे मारबत! हा कम्प्युटर घेऊन जाय गे मारबत!"

खिडकी आतून धाडकन बंद झाली.

पहिला तास संपल्याबरोबर सुरभी अंगणात आली. दुसऱ्या तासाला थोडाच वेळ होता, पण तिला थांबवेना.

"ताई, हे तुम्ही मुद्दाम केलं."

"रीत हाये ते. माहेरी तुमच्याकडं मारबत जात नाई का?"

"माझ्या प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग होते. या महिन्याच्या शेवटी ते मले पक्कं करायचं का नाही ते ठरवणार हायेत. एका आईची तक्रार गेली का संपलं सगळं!"

"माह्या वर्गाच्या खिडकीखाली रोज बकऱ्या ओरडते," अन्नपूर्णा म्हणाली. "तरी पोट्टे पाढे शिकले. म्या कधी खिडकी लावली नाई."

"तुमचं वेगळं हाये ताई. ते सरकारी. घंटी झाली का झालं. कोणी विचारत नाही, पोरगं शिकलं का नाही शिकलं. मले रोज पोराच्या मायबापाकडून तारे भेटतात, पाचापैकी. आज बरं शिकवलं नाही त उद्या पोरगी दुसरीकडं जाते. हे प्रोफेशनल काम हाये."

अंगणात सगळे जमले होते. अन्नपूर्णेनं नवऱ्याकडे पाहिलं. सदाशिव ओसरीवर सुपारी कातरत होता. त्यानं एक शब्द बोलावा एवढीच तिची अपेक्षा होती, आणि तो बोललाही.

"जाऊ दे ना अन्नपूर्णा. तिचं मोठं काम हाये. तू काऊन मधात पडून राह्यली?"

सुरभीचं बोलणं टोचलं होतं, हे आत घुसलं. त्यावर रुख्माबाईंनी मीठ चोळलं. मारबतीच्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, आणि त्या दुपारी घरचा लाकडी नंदी बाजारात जायचा. सिंदीतल्या मोठ्या नंद्यांत त्याची गणती होती. अस्सल सागवानी, चाकांवरचा, चौघांनी धरावा तेव्हा ओसरीवरून उतरणारा. निघण्याआधी त्याचं औक्षण थोरली सून करायची.

"औंदा गुंजन पहिल्यांदा दोरी धरते," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या मायनंच ओवाळावं. सुरभी, तूच करजो."

 अन्नपूर्णा चुलीपाशी गेली आणि चुलीतली राख हातानं उगाच सारत बसली.

इकडे चार वर्षांच्या गुंजननं आपलं नाव ऐकलं, नंदी आपला झाला असं धरलं आणि दोरी ओढली. नंदी ओसरीच्या काठाशी होता. त्याचं पुढचं चाक पायरीवरून सुटलं आणि तिच्या पायावर उतरलं.

किंकाळीनं शेजारीसुद्धा धावले. अंगठ्याचं नख उलटलं होतं, रक्त थांबेना. सुरभीनं लेकीला उचललं. रजतनं मोटरसायकल काढली. "कंपनीले फोन करा हो, दुसरा तास हाये, सांगा त्याईले," असं ती मागं बसता बसता ओरडली. रजत 'हाव हाव' म्हणाला आणि त्यानं किक मारली. फोनचं त्याच्या डोक्यात राहणं शक्यच नव्हतं, आणि ते राहिलं नाही. सदाशिव सायकलवर त्यांच्यामागं डॉक्टरकडे गेला. रूपराव कोठ्यात तोंड फिरवून उभे राहिले, त्यांना रक्त पाहवत नसे.

घर खरोखरच शांत झालं. त्या शांततेत मागच्या खोलीतून बारीक आवाज येऊ लागला.

"हॅलो? मिस सुरभी? हॅलो?"

अन्नपूर्णा दारात गेली. कानाला लावायचं ते यंत्र टेबलावर पडलं होतं, आवाज त्यातून येत होता. पाटीवर कोणीतरी लहान तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: तीन भागिले अर्धा. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. मग आणखी एक प्रश्नचिन्ह.

तिनं काऊन डोक्यावर चढवलं ते यंत्र, हे तिला पुढं पुष्कळांनी विचारलं. तिनं प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. एक पोर पाटी घेऊन वाट पाहत बसलंय आणि समोर मास्तर नाही, हे तिला सहन होत नसे. आणि त्या खुर्चीत बसून पाहायचं होतं. ज्या खुर्चीसाठी घर श्वास रोखून धरत होतं ती खुर्ची असते तरी कशी, तेवढंच एकदा पाहायचं होतं.

खुर्ची मऊ होती. त्याचाही राग आलाच.

"हॅलो," ती म्हणाली.

"मिस सुरभी? तुमचा आवाज वेगळा येतोय," पोरगी इंग्रजीत म्हणाली. तिचं नाव टेसा, हे अन्नपूर्णेला भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"येस," अन्नपूर्णा म्हणाली. "कोल्ड." पहाटे मारबतीबरोबर धाडलेलं पडसं तिनं असं परत बोलावून घेतलं.

टेसा पुष्कळ बोलली. अन्नपूर्णेला त्यातलं निम्मं कळलं, पण घोटाळा पुरता कळला. तो तिच्या चौथी-पाचवीतल्या पोरांचाही तोच होता. भागल्यावर आकडा लहान व्हायला पाहिजे, मग तीनाचे सहा कसे होतात? तुम्ही म्हणता, अपूर्णांक उलटा कर आणि गुणाकार कर. उलटा करून उत्तर येतं. पण उलटा का करायचा?

अन्नपूर्णेनं ती विजेची पेन्सिल धरली आणि पाटीवर तीन गोल काढले. तिन्ही वाकडे आले.

"थ्री भाकर," ती म्हणाली.

"भाकर म्हणजे काय?"

"ब्रेड. राउंड ब्रेड. वन चाइल्ड, हाफ भाकर. हाऊ मेनी चाइल्ड?"

आणि ती गप्प बसली. आणखी बोलायचं होतं, पण इंग्रजीच संपलं होतं. पळसगावच्या वर्गातही ती प्रश्न टाकून गप्प बसायची. पोर छताकडे बघेपर्यंत, नाक खाजवेपर्यंत बसायची. तिथं तो हट्ट होता, इथं नाइलाज. पलीकडून काही येईना. तार तुटली असं तिला वाटलं. मग एका गोलाच्या मधून हळूच रेघ ओढली गेली. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या.

"सिक्स," टेसा म्हणाली. आणि मग एकदम मोठ्यानं, "ओह! सिक्स! म्हणजे सहा जणं जेवतील! उत्तर मोठं नाही झालं, जेवणारे वाढले!"

अन्नपूर्णेला हे सगळं कळलं. या खुशीला भाषा लागत नाही.

त्यानंतर पोरगीच गोल काढत राहिली. तिसऱ्या हिश्श्याची भाकर दिली तर नऊ जण, अर्धीच उरली आणि पाव पाव वाटली तर दोघं. अन्नपूर्णा 'येस' म्हणायची आणि गप्प बसायची, 'व्हाय' म्हणायची आणि गप्प बसायची. टेसाची आई जेवायला बोलावत होती तरी ती उठेना.

तास संपला. अन्नपूर्णेनं यंत्र काढलं, खुर्चीवर लागलेली राख पदरानं पुसली आणि बाहेर आली. ओसरीवर रुख्माबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"काय केलं व तू?" त्यांनी विचारलं.

"काई नाई. एक पोट्टी बसली होती, तिले शिकवलं."

डॉक्टरनं टाके नाहीत, पट्टीच घातली. गुंजन चॉकलेट चघळत परत आली. सुरभीला ही बातमी दारातच सासूकडून कळली, आणि ती थेट अन्नपूर्णेसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या नावावर? ताई, तुम्ही माझ्या नावावर बसल्या?"

"तिनं विचारलं, म्या हो म्हणलं. वाट पाहत होती ते."

"दुसऱ्या कोणी बसायचंच नसते. नियम हाये! तिची आई प्रत्येक तासाले तारे देते. आता पाहा, एक देईन."

रजतचा चेहरा लाल झाला. आपण फोन विसरलो हे त्याला आठवलं होतं, म्हणून तो जास्तच चिडला. "वहिनी, सकाळी ओरडून भागलं नाई म्हणून आता हे केलं तुम्ही. सुरभीचं पक्कं होऊ नये हेच पाह्यजे होतं तुमाले."

अन्नपूर्णेला 'नाही' म्हणता आलं असतं. पण सकाळी खिडकीशी तिला नेमकं तेच पाहिजे होतं. ती गप्प राहिली आणि ते गप्प राहणं सगळ्यांनी कबुली म्हणून घेतलं. सदाशिवनं बायकोकडे पाठ करून नंदीचं चाक ठोकायला घेतलं.

जेवणं झाली, नंदीला झूल चढली, आणि फोन वाजला.

सुरभीनं तो उचलला तेव्हा ओसरीवर सगळे उभे होते. कंपनीचे भूपेंद्र सर बोलत होते. आवाज मोठा असल्यानं पलीकडचंही ऐकू येत होतं.

"सुरभी जी, बधाई हो! टेसा की मम्मी ने आज पूरे पाँच स्टार दिए हैं. लिखा है, बच्ची ने पहली बार खुद सवाल बनाए, खाने की टेबल पर भी बनाती रही. आपका कन्फर्मेशन तो अब समझिए हो गया."

"थँक यू सर," सुरभी म्हणाली. तिनं फोन ठेवला.

चार महिने ती टेसाला शिकवत होती. चार महिने त्या बाईनं चार तारे दिले होते. कधी तीन नाही, कधी पाच नाही. अमेरिकेतली माणसं पाच देतच नाहीत, असं सुरभीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यावर ती सुखानं झोपत होती. देतात तर! राखेच्या हातानं काढलेल्या वाकड्या भाकरीला देतात. आपण पहाटे उठून आकृत्या तयार केल्या, उच्चार घासून घासून अमेरिकेसारखे केले, कोणी पाहत नसताना इस्त्रीची साडी नेसलो, कारण नीट बसलं की नीट शिकवलं जातं असं आपल्याला वाटतं. आणि ही बाई एकदा बसली आणि घेऊन गेली.  सकाळी अन्नपूर्णेच्या डोळ्यांत जे पाहून सुरभी मनातल्या मनात हसली होती, तेच आता स्वतःच्या डोळ्यांत आहे हे तिला कळत होतं.

ओसरीवर मात्र वारं फिरलं होतं.

"पाच तारे!" सदाशिव हातोडी ठेवून उठला. "माह्या बायकोले पाच तारे भेटले! ऐकलं का रजत? तुह्या बायकोले चार, माह्या बायकोले पाच." इतक्या वर्षांत चारचौघांत 'माह्या बायकोले' असा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. अन्नपूर्णेला तो गोड लागला, आणि इतक्या उशिरा लागला म्हणून रागही आला.

"बरं झालं ना मंग," रजत घाईनं म्हणाला. त्याचा सगळा संताप फोनबरोबर उतरला होता. "वहिनी, तुमच्यामुळं घरचं काम झालं. सुरभीचं पक्कं झालं. आता कोणाले काई सांगाचं नाई. तारे घरातच राह्यले."

"घरातच म्हणजे कोणाच्या घरात?" सदाशिवनं विचारलं. "नाव त सुरभीचं लागलं ना! अन्नपूर्णेले बी लावा मंग कंपनीत."

"तिले इंग्रजी येते का दादा?"

"पाच तारे काय मराठीत आले का?"

रूपराव हसले, मग खोकले. रुख्माबाईंनी ओवाळणीचं ताट उचललं, थोडा विचार केला आणि ते थोरल्या सुनेपुढं धरलं. "औक्षण मोठ्या सुनेनंच करावं. रीत हाये आपल्या घरची," त्या म्हणाल्या. सकाळची रीत त्या सोयीनं विसरल्या होत्या. या घरात ताट कोणाच्या हाती जाईल ते नेहमी वाऱ्यावरच ठरायचं, हे दोन्ही सुनांना आज एकदमच कळलं.

अन्नपूर्णेनं ताट घेतलं. पण ती पाहत होती सुरभीकडे. तिला वाटत होतं, हिनं एकदा म्हणावं. सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, की ताई, तो तास तुमचा होता. मग आपण म्हणू, तारे ठेव तुझ्याजवळच.

सुरभी फोनकडे वळली. तिनं फोन उचलला आणि नंबर फिरवला.

"काऊन व?" रजतनं विचारलं. "कोणाले लावून राह्यली?"

"सर, सुरभी बोल रही हूँ. आज का दूसरा क्लास मेरा नहीं था." रजत हातानं नको नको करू लागला. "मेरी बेटी को चोट लगी थी, मैं डॉक्टर के पास थी. मेरी जेठानी ने पढ़ाया. वो टीचर हैं, स्कूल में."

 मग भूपेंद्र सरांचा आवाज खाली आला. "सुरभी जी, आप जानती हैं इसका मतलब? अनजान आदमी बच्चे के साथ बैठा, आपके नाम से. मुझे आपकी आईडी बंद करनी पड़ेगी. टेसा कल से किसी और को जाएगी. बाकी ऊपरवाले तय करेंगे." आणि पुढं, "आप न बतातीं तो किसी को पता भी नहीं चलता."

"वो पाँच स्टार मेरे नहीं हैं, सर," सुरभी म्हणाली. "मुझसे रखे नहीं जाते."

तिनं फोन ठेवला. रजत डोक्याला हात लावून बसला. "प्रामाणिकपणाचं भूत," तो पुटपुटला. पण सुरभीला ठाऊक होतं की सगळा काही प्रामाणिकपणा नव्हता. निम्मा असेल. आपण प्रोफेशनल म्हणवतो, तर आपल्या नावावर आपलंच काम पाहिजे, एवढा होता. उरलेला निम्मा निव्वळ मत्सर होता. दुसरीचे पाच तारे अंगावर घालून मिरवण्यापेक्षा तिला उघडं राहणं परवडलं.

"माही चूक सांगतली तू त्याईले?" अन्नपूर्णेनं हळूच विचारलं.

"चूक नाही ताई. तुमचा तास सांगितला."

अन्नपूर्णेला पाहिजे होतं ते मिळालं होतं. सगळ्यांसमोर, अगदी बंगलोरपर्यंत. तिनं नंदीला ओवाळलं, कुंकू लावलं. गुंजनला सदाशिवनं खांद्यावर घेतलं आणि दोरी तिच्या हातात दिली. नंदी बाजाराकडे निघाला, वाटेत लोक थांबून पाहत राहिले. दरवर्षी या वेळी अन्नपूर्णेचा ऊर भरून यायचा. औंदा आला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले आणि घर आपोआप गप्प झालं. कम्प्युटर बंद होता. आता मिक्सर लावायला हरकत नव्हती, पण रुख्माबाईंनी चटणी पाट्यावरच वाटली. रूपराव सवयीनं कोठ्यात गेले. मारबतीनं ऐकलं होतं, सांगितलं ते नेलं होतं, आणि तरीही या घराचा आवाज काही परत आला नव्हता.

अन्नपूर्णा एस.टी.साठी निघाली होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सुरभी खुर्चीत बसली होती. इस्त्रीची साडी, टिकली, सगळं रोजच्यासारखं. समोर काळा पडदा.

"काऊन नटून बसली व?" अन्नपूर्णेनं विचारलं. या वेळी शब्दांत धार नव्हती.

"परत बोलावलं त सवय राहावी म्हणून," सुरभी म्हणाली. मग मान न वळवता म्हणाली, "ताई, टेसाले तुम्ही काय सांगतलं? मले शिकवा."

हे बोलताना तिला किती जड गेलं ते अन्नपूर्णेला दिसलं. एम.एस्सी. झालेली बाई पळसगावच्या मास्तरणीला विचारत होती. अन्नपूर्णेनं पिशवी खाली ठेवली. तिनं एका कोऱ्या कागदावर तीन गोल काढले. भाकर सांगितली, अर्धी अर्धी वाटणं सांगितलं, तिसरा हिस्सा सांगितला. 'उलटा कर' हे आधी का सांगायचं नाही तेही सांगितलं. जेवणारे वाढतात, हे पोराला स्वतःच दिसलं पाहिजे असं सांगितलं. सुरभी एकेक शब्द टिपून घेत होती. सांगताना अन्नपूर्णेला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

"आणखी?" सुरभीनं विचारलं. "आणखी काही केलं तुम्ही?"

अन्नपूर्णेच्या ओठांपर्यंत आलं होतं. की प्रश्न टाकला का गप बसाचं. पोट्टी बोलेपर्यंत गप बसाचं, कितीही वेळ लागला तरी. तेच खरं होतं, बाकी भाकर काय, कोणीही काढील. तिनं सुरभीकडे पाहिलं. ती आकाशी साडी, ती मऊ खुर्ची, तिच्यासाठी अजूनही श्वास रोखून बसलेलं घर.

"नाई," ती म्हणाली. "एवढंच."

ती पिशवी उचलून निघाली. मागं सुरभीनं लगेच सराव सुरू केला होता. काळ्या पडद्यासमोर ती इंग्रजीत भाकरीचा हिशोब समजावत होती. छान, स्पष्ट, कुठंही न थांबता. फाटकापर्यंत अन्नपूर्णेला तो आवाज ऐकू येत राहिला.